बी हद्द ओळखत नाही



आज आपण एका गवताविषयी बोलू. ते तुम्ही सगळ्यांनी पाहिले आहे. पाने गाजराच्या पानांसारखी. फुले बारीक, पांढरी. आपण त्याला गाजरगवत म्हणतो. कोणी काँग्रेस गवत म्हणतात. पलीकडे कर्नाटकात काँग्रेस गिडा म्हणतात. नाव कोणतेही घ्या, पीडा एकच.

हे गवत आपल्या मुलखातले नव्हे. मूळचे ते अमेरिका खंडातले. 1955 च्या सुमारास ते पुण्यात प्रथम नजरेस आले. परदेशी धान्याबरोबर आले, असे लोक सांगतात. पुढे ते देशभर पसरले.

का पसरले? एका झाडाला हजारो बिया येतात. मोठे झाड असले तर दहा-पंधरा हजारसुद्धा. बी अगदी बारीक आणि हलके. ते वाऱ्याने उडते, पाण्याने वाहते, गाडीच्या चाकाला चिखलाबरोबर चिकटते. कच्च्या शेणखतातून शेतात येते. जमिनीत पडले तर काही वर्षे जिवंत राहते.

जनावरे ते सहसा खात नाहीत. उपाशी गाईने खाल्लेच, तर दूध कडवट होते. माणसाच्या अंगाला लागले तर खाज सुटते, पुरळ उठते. कोणाला दम लागतो.

आता आमची एक चूक सांगतो. आम्ही मुख्याध्यापक होतो तेव्हाची गोष्ट. शाळेचे मैदान या गवताने भरले होते. आम्ही मुलांना कामाला लावले. गवत फुलावर आलेले. मुलांचे हात उघडे. दोन दिवसांत मैदान स्वच्छ झाले. गवताचा ढीग आम्ही शाळेमागच्या ओढ्यात टाकला. आम्हांला फार समाधान वाटले!

तिसऱ्या दिवशी काही मुलांचे हात लाल झाले. आईबाप शाळेत आले. त्यांचे बोलणे आम्ही खाली मान घालून ऐकले.

पुढच्या पावसाळ्यात ओढ्याच्या खालच्या अंगाचे एक शेतकरी मामा आले. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "गुर्जी, तुमची शाळा साफ झाली, पर माझं रान भरलं की वो!"

ते वाक्य आम्ही विसरलो नाही. आमची झाडलोट म्हणजे त्यांच्या दारात टाकलेला कचरा होता.

आता आपला तालुका डोळ्यांपुढे आणा. बोरी नदी वरून नळदुर्गाकडून येते. कुरनूरच्या धरणात थांबते. पुढे भीमेला मिळते. भीमेपलीकडे कर्नाटक. वरचे बी खाली येणारच. पाण्याला ना जिल्हा कळतो, ना राज्य.

आणि जमीन कोणाकोणाच्या ताब्यात आहे? शेत शेतकऱ्याचे. गावठाण ग्रामपंचायतीचे. सडकेची कड बांधकाम खात्याची. रुळाची कड रेल्वेची. कालवा पाटबंधाऱ्याचा. माळ कोठे वनखात्याचा. एकाने उपटले आणि पाच जण गप्प बसले, तर सहाव्या महिन्यात पुन्हा जैसे थे.

कर्नाटक सरकारने 1975 साली हे तण उपद्रवी म्हणून कायद्याने जाहीर केले. तरी तण राहिलेच. कायदा कागदावर असतो, गवत बांधावर असते. ते काढायला हात लागतात, आणि ते हात एकाच वेळी लागतात.

मग करायचे काय?

मृगाचा पाऊस पडला, जमीन ओली झाली, की फूल येण्याआधी मुळासकट उपटा. नुसते कापू नका, बुडातून पुन्हा फुटते. हाताला मोजे घाला. मोजे नसतील तर प्लास्टिकची पिशवी बांधा. तोंडावर फडके घ्या. लहान मुलांना या कामाला लावू नका. फूल नसलेले गवत खड्ड्यात कुजवा, चांगले खत होते. फुलावर आलेले ओढ्यात मुळीच टाकू नका.

आपल्याकडे खरा पाऊस पुष्कळदा सप्टेंबरात येतो. तेव्हा नवे कोंब येतात. म्हणून दुसरी फेरी तेव्हा करा. मळणीयंत्र दुसऱ्या गावाहून आले, तर रानात शिरण्याआधी झाडून घ्या. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड प्रांतात तणाचे बी पसरू नये म्हणून गाड्या आणि यंत्रे धुण्याच्या जागाच बांधल्या आहेत.

एक मित्रही आहे. 1984 च्या सुमारास मेक्सिकोहून एक भुंगा बंगळूरला आणला. फिकट रंगाचा, पाठीवर तपकिरी पट्टे. तो आणि त्याची अळी या गवताची पाने खातात. तो दिसला तर मारू नका. पण तो पावसाळ्यात काम करतो, मग जमिनीत दडतो. सारा भार त्याच्यावर टाकून चालणार नाही.

दर वर्षी 16 ते 22 ऑगस्ट हा गाजरगवत जागृतीचा आठवडा देशभर पाळतात. आपण त्याची वाट पाहू नये. तोवर पुष्कळ झाडे फुलावर येतात. जूनच्या ग्रामसभेत विषय काढा. एक दिवस ठरवा. ज्या खात्याची जमीन असेल त्याला अर्ज द्या. तुम्ही आता लिहायला शिकला आहात, अर्ज तुम्हीच लिहा. शेजारच्या गावाला तोच दिवस कळवा. नदीपलीकडे आपले सोयरेधायरे आहेत. लग्नाचे आमंत्रण आपण कानडीत देतो, मग हे का देऊ नये?

आपले रान साफ करताना खालच्या रानाची आठवण ठेवा. आम्ही ती ठेवली नाही. तुम्ही ठेवा.