चित्रांच्या कामाचा संगणक

फोटोग्राफरची अंधारी खोली एके काळी प्रत्येक शहरात होती. तांबड्या दिव्याच्या मंद उजेडात, रसायनांच्या थाळ्यांत कागद बुडवून चित्र उमटवण्याची ती कला होती. आणि त्या खोलीतली साधने निवडताना जुना फोटोग्राफर फार चोखंदळ असे. आज त्या खोलीची जागा टेबलावरच्या संगणकाने घेतली आहे. साधन बदलले, परंतु निवडीतला चोखंदळपणा पुष्कळदा मागे पडला. प्रोसेसर कोणता आणि ग्राफिक्स कार्ड किती मोठे, एवढीच चौकशी करून थैली मोकळी केली जाते. मग भारी यंत्र घरात असूनही काम अडखळत चालते, आणि कर्जाचा हप्ता तेवढा न अडखळता येत राहतो.

या दृष्टीने जबलपूर शहराचे उदाहरण बोलके आहे. 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच राज्यात होती. नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने इकडे आलेली मराठी कुटुंबे येथेच रुजली. त्यामुळे येथील फोटोग्राफरला सकाळी एखाद्या मराठी घरचा मुहूर्त साधावा लागतो आणि रात्री हिंदीभाषक घरची बरात. एक काम लख्ख उजेडातले, दुसरे दिव्यांच्या लुकलुकत्या प्रकाशातले. चित्रे हवीत आणि चलच्चित्रही हवे. असा मनुष्य मढातालच्या बाजारात सुटे भाग घेऊन संगणक जुळवून घ्यायला निघाला, तर त्याने कोणत्या क्रमाने विचार करावा?

पहिला विचार कामाचा. स्थिर चित्र आणि चलच्चित्र यांची भूक वेगवेगळी आहे. 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातले एक कच्चे चित्र, म्हणजे रॉ फाइल, साधारणपणे 25 ते 45 मेगाबाइट जागा घेते. हे ओझे फारसे जड नाही. चलच्चित्राचा हिशेब मात्र निराळा. ज्याला आज 4 के म्हणतात त्या एका चौकटीत 3840 गुणिले 2160, म्हणजे सुमारे 83 लाख बिंदू असतात. असे सेकंदाला 25 चौकटींचे चित्र काहीही आवळणी न करता साठवायचे ठरवले, तर एका सेकंदाला सहाशे मेगाबाइटांहून अधिक जागा लागेल. म्हणून कॅमेरा एक युक्ती करतो. तो अधूनमधून एखादी चौकट पूर्ण लिहितो आणि मधल्या चौकटींत फक्त काय बदलले एवढेच टिपतो. 2003 चे एच.264 आणि 2013 चे एच.265 हे दोन्ही संकेत याच तत्त्वावर चालतात.

या युक्तीची परीक्षा पाहायची, तर शहरापासून 20–25 किलोमीटरवर असलेल्या भेडाघाटच्या धुवांधार धबधब्यापाशी जावे. तेथे नर्मदेचे पाणी कोसळते आणि तुषारांचा धूर उठतो. या दृश्यात स्थिर असे जवळजवळ काहीच नाही. प्रत्येक चौकटीत प्रत्येक थेंब जागा बदलतो. अशा वेळी कॅमेऱ्याची काटकसर अपुरी पडते. पुढे ते चित्र संगणकावर उघडले, की आवळलेले सारे पुन्हा उलगडण्याचा भार प्रोसेसरवर पडतो. मेजावर बसलेला मनुष्य कात्री चालवू पाहतो आणि चित्र गचके खात पुढे सरकते.

म्हणून प्रोसेसर निवडताना त्याचा वेग आणि गाभ्यांची संख्या पाहावी हे खरे. परंतु उलगडण्याचे हे काम परस्पर करणारा स्वतंत्र विभाग त्यात आहे की नाही, हेही विचारावे. इंटेलच्या प्रोसेसरांत 2011 पासून क्विक सिंक नावाचा असा विभाग असतो. तथापि ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ हे अक्षर असते, त्यांत अंगभूत ग्राफिक्स नसते, आणि म्हणून ही सोयही नसते. थोड्याशा बचतीसाठी तो ‘एफ’ पत्करणारा ग्राहक आपल्याच पायावर धोंडा पाडून घेत असण्याचा संभव असतो. ग्राफिक्स कार्डही उलगडण्याचे काम करते. परंतु नव्या कॅमेऱ्यांतले 10 बिट 4:2:2 जातीचे चित्र सर्व कार्डांना वाचता येत नाही. एनव्हिडियाच्या कार्डांत ही क्षमता 2025 च्या 50 मालिकेपासून आली. तेव्हा आपला कॅमेरा काय लिहितो, हे आधी जाणून मगच बाजाराची पायरी चढावी.

ग्राफिक्स कार्डाची गरजही कामावर ठरते. फोटोशॉपमधल्या साध्या कामाला अवाढव्य कार्ड लागत नाही. दाविंची रिझॉल्व्हमध्ये रंग सुधारण्याचे काम मात्र मुख्यतः कार्डाच्याच बळावर चालते. रात्रीच्या बरातीत चित्रावर जे दाणे उठतात, ते पुसणारी लाइटरूमची 2023 मध्ये आलेली सोयही कार्डावरच विसंबून असते. ज्याची कामे बहुतांशी रात्रीची, त्याने येथे थोडा हात सैल सोडावा. ज्याची दिवसाची, त्याने तोच पैसा इतरत्र लावावा. कार्डाची स्वतःची स्मृती 4 के कामासाठी 8 गिगाबाइटांहून कमी नसावी. 12 असल्यास उत्तम.

रॅमच्या बाबतीत 32 गिगाबाइट हे मध्यम कामाचे योग्य माप आहे. मोठ्या चलच्चित्रांना 64 लागते. ती एका पट्टीऐवजी सारख्या दोन पट्ट्यांत घ्यावी, कारण जोडीने बसवलेल्या पट्ट्या माहितीची ने-आण अधिक वेगाने करतात. 2025 च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्याने चढले. अशा काळात आज 32 घेऊन मदरबोर्डवर दोन खाचा रिकाम्या ठेवणे, हा शहाणपणाचा मार्ग होय.

साठवणुकीचा हिशेब सोपा आहे. तो मांडून मात्र पाहिला पाहिजे. सेकंदाला 100 मेगाबिट या गतीने लिहिणारा कॅमेरा तासाला 45 गिगाबाइट भरतो. दोन कॅमेरे सहा-सहा तास चालले, तर एका लग्नाचे 540 गिगाबाइट झाले. स्थिर चित्रे वेगळीच. एक टेराबाइटची एसएसडी एका लग्नातच निम्म्याहून अधिक भरते. यास्तव एक लहान एसएसडी प्रणालीसाठी, दुसरी दोन टेराबाइटची चालू कामासाठी, आणि जुन्या कामासाठी मोठी फिरती हार्ड डिस्क, अशी वाटणी असावी. हार्ड डिस्क सेकंदाला दीड-दोनशे मेगाबाइट देते, तर एनव्हीएमई जातीची एसएसडी काही हजार. चालू कामाला वेग हवा. जपणुकीला जागा हवी.

बैलजोडीतला एक बैल खिल्लारी आणि दुसरा मरतुकडा असला, तर गाडी मरतुकड्याच्याच चालीने चालते. संगणकाचेही तसेच आहे. सर्वांत महागडा भाग घेण्यापेक्षा सर्वांत दुबळा भाग कोणता हे शोधण्यात अधिक लाभ असतो. ज्याचे यंत्र जुने आहे त्यालाही एक वाट मोकळी आहे. 4 के चित्राची लहान आकाराची प्रत, म्हणजे प्रॉक्सी, करून तिच्यावर कात्री चालवावी आणि अखेरीस मूळ चित्रातून अंतिम प्रत काढावी. हा उपाय फुकटचा आहे, आणि पुष्कळांची खरेदी त्याने वर्षभर पुढे ढकलता येते.

ज्याच्यावर सर्वांत कमी खर्च केला जातो असा भाग म्हणजे मॉनिटर. वस्तुतः फोटोग्राफरचा डोळा त्याच्यापाशीच ठरतो. भेडाघाटचे संगमरवरी कडे पांढरे म्हणून प्रसिद्ध आहेत. पण त्या पांढऱ्यात पिवळसर, निळसर, राखी अशा कितीतरी छटा दडलेल्या असतात. रॉ फाइलमध्ये 14 बिटांच्या हिशेबाने प्रत्येक मूलरंगाच्या 16,384 पायऱ्या मावतात. नेहमीच्या जेपेग चित्रात 256. ही संपत्ती कॅमेऱ्याने आणून दिली, आणि मॉनिटरच निळसर झाक मारणारा असला, तर दुरुस्ती करणारा मनुष्य नकळत साऱ्या चित्राला पिवळे करून सोडतो. नववधूच्या शालूचा रंग छापील अल्बममध्ये बदललेला दिसतो तो पुष्कळदा याच कारणाने. आयपीएस जातीचा, एसआरजीबी हे रंगमान पूर्णपणे दाखवणारा मॉनिटर घ्यावा आणि त्याचे रंग मापकयंत्राने अधूनमधून जुळवून घ्यावेत.

आता हवामानाचा विचार. जबलपूरला मे महिन्यात पारा 40 अंशांच्या वर जातो, आणि लग्नसराईही नेमकी त्याच सुमारास असते. प्रोसेसर 95–100 अंशांच्या आसपास तापला, की स्वतःच्या रक्षणासाठी वेग कमी करतो. म्हणजे जो वेग पैसे मोजून घेतला, तोच ऐन हंगामात हरवतो. काचेने मढवलेल्या, रंगीत दिव्यांच्या कॅबिनेटपेक्षा समोरून हवा घेणारे, धूळ अडवणारी जाळी असलेले साधे कॅबिनेट अधिक उपयोगाचे. एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, नावाजलेल्या बनावटीचा असावा, कारण तो बिघडताना पुष्कळदा इतर भागांनाही घेऊन बुडतो. यूपीएस घेताना तो शुद्ध साइन लहरी देतो काय हे विचारून घ्यावे.

हे सारे जमले, तरी एक गोष्ट उरते, आणि ती सर्वांत मोठी आहे. अंतरपाट दूर होण्याचा क्षण पुन्हा घडवता येत नाही. फोटोग्राफरच्या डिस्कवर जे असते ती दुसऱ्याची ठेव असते. डिस्क कधी ना कधी बिघडणारच, हे गृहीत धरून चालावे. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी प्रचारात आणलेला नियम असा, की प्रत्येक चित्राच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतली एक अन्य ठिकाणी असावी. 22 मे 1997 च्या पहाटे जबलपूर भूकंपाने हादरले, तेव्हा घरे पडली आणि माणसेही गेली. एकाच छपराखालच्या दोन प्रतींवर किती विसंबावे, हे त्या शहराला समजावून सांगण्याची गरज नाही.

एवंच, अंदाजपत्रक आखताना जपणुकीचा पैसा शेवटी उरेल त्यातून काढू नये. तो आधी बाजूला ठेवावा. मग मॉनिटर, मग रॅम आणि एसएसडी, आणि मग उरलेल्या रकमेत बसेल तो प्रोसेसर व ते कार्ड, असा क्रम ठेवावा. प्रत्येक भागाचे पक्के बिल आणि हमीचे कागद एका पाकिटात घालून ठेवावेत. वेगवान प्रोसेसर पुढच्या वर्षी आणखी वेगवान होऊन बाजारात येतोच, आणि त्या वेळी तो बदलताही येतो. एखाद्या घरचे हरवलेले लग्न मात्र कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.