मध्ये काय आहे?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना सुटलेल्या दोन-तीन गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



संयोजकांनी मला विषय दिला 'ऑस्ट्रेलियातला प्रवास' आणि वेळ दिली पंधरा मिनिटं. ऑफिसात मी रोज तास-तास बोलते, पण समोर मला फळ्यापाशी उभं करणारे सर बसलेत म्हटल्यावर घसा आत्ताच कोरडा पडलाय. सांभाळून घ्या.

सुरुवात भूगोलाच्या बाईंपासून करते. बाई, तुम्हाला आठवणार नाही, पण सहामाहीत ऑस्ट्रेलियाचा नकाशा भरायला आला होता. मी किनाऱ्यावर सिडनी, मेलबर्न, पर्थ सगळं नीट भरलं. मध्ये काय लिहायचं कळेना, म्हणून पेन्सिलीने ठिपके काढले आणि लिहिलं 'निर्जन वाळवंट'. पेपर परत आला तेव्हा तुम्ही लाल पेनाने त्या ठिपक्यांवर विचारलं होतं, "मध्ये काय आहे?" आणि अर्धा गुण कापला होता. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये मी ते बघून आले. उत्तर थोडं उशिरा देतेय.

मेलबर्नमध्ये राहून मला बारा वर्षं झाली. तिथली आपली मंडळी सुट्टी मिळाली की समुद्राकडे पळतात. आत कोणी जात नाही. मीही गेले नसते. पण गेल्या वर्षी आमच्या कंपनीत एक जुनी प्रणाली बदलून नवी आणायचं काम होतं, नऊ महिने चाललं. त्या काळात मी 'ऑन-कॉल' होते. म्हणजे रात्री दोनला जरी सर्व्हर आडवा झाला तरी फोन माझ्या उशाशी वाजणार. काम संपलं तरी माझी झोप परत आली नाही. फोन वाजला नाही तरी मी दोनला उठून बसायचे. शेवटी नवराच म्हणाला, कुठेतरी एकटी जा. मुलाची बारावी होती, त्यामुळे ते दोघं घरी राहिले.

सात दिवसांची सहल होती, ॲडलेडपासून ॲलिस स्प्रिंग्जपर्यंत. सोळा माणसांची छोटी बस, आणि एकच माणूस चालक, वाटाड्या आणि आचारी. मी स्वतःला एक नियम घालून घेतला की फोन बंद. घरी कळवलं, आईला कळवलं, आणि नवऱ्याकडे सहल कंपनीच्या ऑफिसचा नंबर देऊन ठेवला. बसमध्ये सॅटेलाइट फोन होता. म्हणजे खरंच गरज पडली तर मला गाठता आलं असतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिले दोन दिवस फ्लिंडर्सच्या डोंगरात गेले. ते पटकन सांगून टाकते, कारण सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला डोंगराचं फार कौतुक वाटत नाही. तिसऱ्या दिवशी स्टुअर्ट हायवेला लागलो आणि मला 'लांब' या शब्दाचा अर्थ कळला. हा रस्ता दक्षिणेच्या पोर्ट ऑगस्टापासून उत्तरेच्या डार्विनपर्यंत सुमारे २,७०० किलोमीटर जातो. समोरून येतात त्या 'रोड ट्रेन': एका ट्रकला तीन-तीन डबे, लांबी पन्नास मीटरांहून जास्त. आपल्या चार एसटी गाड्या एकामागे एक जोडल्यासारखं. शेजारून गेली की बस हलते. काही ठिकाणी डांबरावरच विमानाच्या धावपट्टीचे पट्टे आखलेत. फ्लाइंग डॉक्टरचं विमान गरज पडली तर रस्त्यावरच उतरतं. ही सेवा १९२८ ला सुरू झाली. मी पट्ट्यांचा फोटो काढायला कॅमेरा बाहेर काढला आणि वाटाड्याला विचारलं, इथे कोणी आजारी पडलं तर? तो म्हणाला, "मग थांबायचं. थांबणं हाच अर्धा उपचार असतो इथे." मी हसले.

त्या रात्री कूबर पीडीत मुक्काम होता. १९१५ ला एका चौदा वर्षांच्या मुलाला तिथे ऑपल सापडला आणि गाव वसलं. उन्हाळा असा भाजतो की बरेच लोक जमिनीखाली कोरलेल्या घरांत राहतात. आम्हीही जमिनीखालीच झोपलो. ना खिडकी, ना आवाज, ना उजेड. दिवा मालवला की डोळे उघडे आहेत की मिटलेत तेही कळत नाही. नऊ महिन्यांत पहिल्यांदा मी सलग आठ तास झोपले. मंगळवार होता.

पुढच्या दिवशी सातशेहून जास्त किलोमीटर बस. खिडकीतून लाल माती, स्पिनिफेक्स गवताचे गोल झुबके आणि मधूनच डेझर्ट ओक. या झाडाचं एक सांगते. लहानपणी ते काठीसारखं सरळ, बारीक उभं असतं, मेल्यासारखं दिसतं. सगळी ताकद मूळ खाली नेण्यात घालवतं. मूळ खोलवरच्या पाण्याला लागलं की मगच वर फांद्या पसरतात. आमच्या वर्गातली काही मंडळी दहावीला अशीच होती. नावं घेत नाही, तुम्हीच हसताय.

संध्याकाळी वाटेत उतरून सगळ्यांनी सरपण गोळा केलं. रात्री शेकोटीभोवती 'स्वॅग'मध्ये झोपायचं, म्हणजे जाड ताडपत्रीची गुंडाळी, आत गादी. ऑगस्टची थंडी हाडात शिरते. पण वर आकाश असं की डोकं बाहेर ठेवावंच लागतं. ध्रुवतारा नाही, सप्तर्षी दिसले नाहीत, दक्षिण दिशा दाखवायला सदर्न क्रॉस.

आता उलुरू. आपण पुस्तकात 'आयर्स रॉक' वाचलं होतं. ते नाव १८७३ ला एका इंग्रज सर्वेक्षकाने दिलं. तिथल्या अनांगू लोकांसाठी तो कायमच उलुरू होता. १९८५ ला ती जमीन कायद्याने त्यांना परत मिळाली. त्यांनी ती ९९ वर्षांच्या कराराने राष्ट्रीय उद्यानाला दिली. आमच्यावर चढू नका, असं ते पाहुण्यांना वर्षानुवर्षं सांगत आले. अखेर २६ ऑक्टोबर २०१९ ला चढणं बंद झालं. फोटोत एक लाल दगड दिसतो तेवढंच मला माहीत होतं. जवळ गेलं की कळतं, ३४८ मीटर उंच, आणि भोवती पायी फिरायला दहा किलोमीटर. दगड मुळात करडा आहे, आतल्या लोखंडाला गंज चढून वरून लाल झालाय. पायथ्याला गुहा आहेत, चित्रं आहेत, आणि मुटिजुलू नावाचा पाणवठा. निर्जन वाळवंटाच्या ऐन मध्यावर पाणी, बाई.

काही ठिकाणी पाटी आहे: इथे फोटो काढू नका. त्या जागांच्या कथा सगळ्यांसाठी नसतात. काही फक्त बायकांच्या, काही फक्त पुरुषांच्या. पाहुण्यांना जी कथा सांगतात ती लहान मुलांना सांगतात तेवढीच. उरलेली ऐकायचा हक्क मिळवावा लागतो. आमच्यातला एक जण जरा चिडला, म्हणाला, पैसे भरलेत आम्ही. मला मात्र ते फार आवडलं. डायरीत लिहूनही ठेवलं की सगळं सगळ्यांना कळलंच पाहिजे असं कुठे आहे. गुरुवार होता.

शुक्रवारी किंग्ज कॅन्यन. सुरुवातीलाच जी चढण आहे तिला लोक 'हार्ट अटॅक हिल' म्हणतात, यावरून समजून घ्या. वर गेलं की शंभर मीटरांहून खोल सरळ कडे, आणि मध्ये खाली उतरलं की हिरवीगार झाडी आणि पाण्याचा डोह. मी डोहाच्या काठावर बसून ठरवलं की आता मी बरी झाले.

शनिवारी संध्याकाळी ॲलिस स्प्रिंग्जला पोचलो आणि मी फोन चालू केला.

धाकट्या भावाचे चार मिस्ड कॉल, सगळे मंगळवार रात्रीचे. त्यानंतर काहीच नाही. मग नवऱ्याचा एक मेसेज: 'आधी मला फोन कर, मग आईला. सगळं ठीक आहे.' 'सगळं ठीक आहे' हे शब्द आयुष्यात कधी इतके भयंकर वाटले नव्हते.

तुमच्यातल्या बहुतेकांना पुढचं माझ्याआधीपासून माहीत आहे. मंगळवारी संध्याकाळी सहाला अण्णा न्हाणीघरात घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं. तेव्हा माझ्याकडे रात्रीचे दहा वाजले होते. मी जमिनीखाली शांत झोपायला चालले होते. भाऊ पुण्याला. आईने शेजारी हाक मारली, आणि पंधरा मिनिटांत आपला मेडिकल दुकानवाला गाडी घेऊन दारात. (नाव घ्यायचं नाही असं त्याने बजावलंय, पण तो कुठे बसलाय ते सगळे मागे वळून बघतच आहेत.) भाऊ पोचेपर्यंत ॲडमिट करून एक्स-रे झाला होता. रक्ताची बाटली लागली, ती आपल्याच वर्गातल्या दोघांनी दिली. गुरुवारी ऑपरेशन झालं. मी मुटिजुलूच्या पाण्याकडे बघत होते तेव्हा.

आणि मला कोणी कळवलं नाही. नवऱ्याच्या हातात नंबर होता. तो लावणारच होता, पण अण्णांनी स्ट्रेचरवरून सांगितलं, "पोरगी वर्षानं कुठं बाहेर पडलीया, तिला कळवू नका." आणि तुम्ही सगळ्यांनी ते ऐकलं. इतकंच नाही. आपल्या ग्रुपवर मी आहे म्हणून तुम्ही मला वगळून दुसरा ग्रुप काढला. त्याचं नाव 'अण्णा'. त्यात एकशेचाळीस मेसेज आहेत, मी नंतर सगळे वाचले. कोण रात्री थांबणार, कोण डबा आणणार, आईला झोप कधी मिळाली. आणि खरं सांगायचं तर आपल्या मूळ ग्रुपचा आवाज मी तीन वर्षं बंद करून ठेवला होता. सकाळच्या फुलांच्या फोटोंना कंटाळून.

मी रागावले होते. आज आभार मानायला उभी आहे म्हणून राग नव्हता असं सांगणार नाही. माझे वडील, माझ्या घरातली गोष्ट, आणि ती जगाला माहीत, मला नाही! मेडिकलवाल्याला मी फोनवर जे बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू लगेच निघाली असतीस तरी दोन दिवस लागले असते. ऑपरेशन झालंच असतं. तू फक्त विमानात रडली असतीस." मी फोन ठेवला. दोन दिवसांपूर्वी डायरीत काय लिहिलंय ते आठवलं, आणि डायरी उघडायची इच्छा झाली नाही.

माझं मेलबर्नचं विमान सोमवारी दुपारचं होतं. रविवारी हॉटेलात बसवेना म्हणून जुनं टेलिग्राफ स्टेशन बघायला गेले. १८७२ मध्ये ॲडलेड ते डार्विन सुमारे ३,२०० किलोमीटर तार टाकली गेली, ती समुद्राखालून जावा बेटाला आणि पुढे जगाला जोडली. तोपर्यंत इंग्लंडची बातमी जहाजाने यायला महिने लागायचे, मग ती तासांत यायला लागली. पण तारेतला संदेश लांब गेला की क्षीण होतो. म्हणून वाटेत ठिकठिकाणी अशी स्टेशनं. माणूस बसून संदेश ऐकायचा आणि पुढे पुन्हा ठोकायचा. माझा धंदाच हा आहे, मला ते लगेच कळलं. एकट्या दगडी खोलीत, वाळवंटाच्या मध्यावर, दुसऱ्यांच्या घरच्या बातम्या रात्रभर पुढे पाठवणारा माणूस. मी तिथल्या बाकावर तासभर बसले.

सोमवारी सकाळी 'स्कूल ऑफ द एअर' पाहिली. खरं तर आजच्या दिवशी हेच सांगायला हवं होतं, पण वेळ संपत आलाय. १९५१ पासूनची शाळा आहे. मुलं शेकडो किलोमीटर लांब, गुरांच्या वस्त्यांवर. क्षेत्र सुमारे १३ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे चार महाराष्ट्र मावतील. आधी रेडिओवरून वर्ग चालायचे, आता सॅटेलाइटने. काचेपलीकडे बाई कॅमेऱ्यासमोर हजेरी घेत होत्या. एकेक नाव, मग थांबायचं, मग लांबून कुठून तरी उत्तर. ही मुलं वर्षातून मोजके दिवस एकत्र भेटतात. एरवी त्यांना वर्गातला शेजारी म्हणजे आवाज. एका मुलाचं उत्तर येईना. बाईंनी नाव पुन्हा घेतलं. पुन्हा थांबल्या. तिसऱ्यांदा घेतलं तेव्हा आवाज आला. मी काचेबाहेर उभी राहून रडले, आणि शेजारच्या जर्मन आजीने मला रुमाल दिला.

तर बाई, मध्ये हे आहे. अर्धा गुण द्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा.

अण्णा आज आलेत, तिसऱ्या रांगेत, काठी घेऊन. त्यांना अजून वाटतं की त्यांनी बरोबर केलं. माझं त्यांच्याशी अजून पटलेलं नाही, आणि तुमच्याशीही पूर्ण नाही. पुढच्या वेळी मला सांगा. रात्री दोनला असलं तरी. ग्रुपचा आवाज मी चालू केलाय, फुलांच्या फोटोंसकट. आणि तो 'अण्णा' नावाचा ग्रुप अजून चालू आहे असं कळलंय. त्यात आता मला घ्या.