देव घराच्या मध्यभागीं
(महोत्सवाच्या मिस्सेनंतर केलेलें भाषण)



आजच्या मंगल प्रसंगीं आपण देवळाच्या भिंती रंगविल्या, वेदी फुलांनीं सजविली, घंटा वाजविली. हें सर्व योग्यच झालें. तथापि महोत्सव देवळाचा असला, तरी आम्ही आज तुमच्या घरांविषयीं बोलणार आहों.

इ. स. 1321 मध्यें तोलेन्तिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर व तिफ्लिसचा देमेत्रियुस हे चौघे फ्रान्सिस्कन होर्मुझ बंदरांतून कोल्लमास निघाले असतां त्यांचें गलबत ठाण्यास येऊन लागलें. येथील नेस्तोरियन ख्रिस्त्यांनीं त्यांस आपल्या घरीं ठेवून घेतलें. पाहुणे त्यांच्या पंथाचे नव्हते, तरीही दार उघडलें. त्याच वर्षीं एप्रिल महिन्यांत त्या चौघांनीं श्रद्धेसाठीं येथेंच प्राण अर्पण केले. थोड्याच वर्षांनीं येथें आलेल्या पोर्देनोनेच्या ओदोरिकानें ठाण्यांतील ख्रिस्ती घरांची संख्या लिहून ठेविली आहे : अवघीं 15.

पुढें 1737 सालीं ठाणें व 1739 सालीं वसई मराठ्यांच्या हातीं गेली. युरोपीय धर्मगुरूंस निघून जावें लागलें. पुष्कळ देवळें ओस पडलीं. तरीही साष्टीच्या गांवोगांवची श्रद्धा मालवली नाहीं. देऊळ पडलें, पण ज्या घरांत देव होता तें घर उभें राहिलें.

आज आपल्यावर तसें संकट नाहीं. आजचें संकट निराळें आहे व तें पाऊल न वाजवितां येतें. 1853 सालीं बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत आगगाडी आली. पुढच्याच वर्षीं ती कल्याणास पोंचली. तिनें आपणांस पोटापाण्याचा धंदा दिला. तिला आम्ही दोष देत नाहीं. परंतु ठाणें, कल्याण व डोंबिवली येथील घरें आज गाडीच्या वेळेवर उठतात व निजतात. आम्ही घरभेटीस जातों तेव्हां दिसतें कीं, चार माणसें चार वेळां परततात व चार वेळां जेवतात. क्रुसापुढें दिवा असतो. त्याच्यासमोर एकत्र गुडघे टेकणारें कोणी नसतें. "फादर, तेर्साला वेळ कुठून आणूं ?" असें एखादी माउली विचारते, तेव्हां ती सबब नसते; तें खरें दुःख असतें.

तिला आमचें उत्तर असें : आंस चाकाहून पुष्कळ लहान असतो, पण सारें चाक त्याच्याभोंवतीं फिरतें. सगळा तेर्स जमत नसेल, तर शेवटचा माणूस घरीं आल्यावर त्यांतील एकच रहस्य सर्वांनीं मिळून म्हणा. निजण्यापूर्वीं दिवसाचा हिशेब देवापुढें मांडा. रविवारची मिस्सा मात्र कोणत्याही कामासाठीं चुकवूं नका. सतराव्या शतकांत पॅरिसच्या कार्मेल मठांत बंधु लॉरेन्स स्वयंपाकघरांत राबत असे. त्या कामांतच त्यानें देवाचें सान्निध्य जपलें. आमच्या मायबहिणींस तें अशक्य कां असावें ?

परंतु देव मध्यभागीं आहे कीं नाहीं याची परीक्षा बाजारांत, कचेरींत व शेजारांत होते. तुमचें माप पुरें आहे काय ? मोलकरणीचा पगार वेळेवर जातो काय ? वांटणीवरून ज्या भावाशीं अबोला धरला, त्याचें दार ठोठावलें काय ? वेदीवर अर्पण आणण्याआधीं भावाशीं समेट करा, ही प्रभूचीच आज्ञा आहे. ज्या घरांत प्रार्थना आहे पण समेट नाहीं, तेथें देव भिंतीवर आहे, मध्यभागीं नाहीं.

ओदोरिकानें 15 घरें मोजलीं. उद्यां कोणी आपल्या धर्मग्रामांतील घरें मोजावयास आला आणि नोंदवही बाजूस ठेवून घरोघरचें जिणें पाहूं लागला, तर त्यास किती ख्रिस्ती घरें सांपडतील ? त्याचें उत्तर आज रात्रीं, शेवटची गाडी आल्यावर, तुम्हीं आपापल्या घरीं द्यावयाचें आहे.

प्रभु येशू तुमच्या उंबरठ्याच्या आंत वास करो, व पवित्र मरिया तुमच्या लेंकरांस सांभाळो. आमेन.