ओरत्तनाडूचं छत्र आणि छपरावरचं ऊन

आज बोलायचं आहे ते सौर वीज आणि विजेवर चालणाऱ्या गाड्या या विषयावर. पण सुरुवात मी दोनशे वर्षांपूर्वीच्या एका धर्मशाळेपासून करणार आहे. थोडा धीर धरा, रस्ता चुकलेलो नाही.

तंजावरहून पट्टुकोट्टैच्या रस्त्याने दक्षिणेला निघालं, की वीस-बावीस किलोमीटरवर ओरत्तनाडु लागतं. तालुक्याचं गाव. कल्लणै कालव्याच्या पाण्यावरची भातशेती, नारळाच्या बागा, बसस्टँड, बाजार, २०१२ मध्ये सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय. रेल्वे मात्र अजून नाही. या गावाचं दुसरं नाव मुक्तांबाळपुरम. तंजावरचे राजे दुसरे सरफोजी भोसले यांनी आपल्या प्रिय मुक्तांबेच्या नावाने १८०२ च्या सुमारास इथे एक छत्र बांधलं. शेवटच्या आजारात तिने राजाकडे एवढंच मागितलं, असं तिथे सांगतात. त्या छत्राची दगडी इमारत आजही उभी आहे.

आपण मराठी माणसं ‘अन्नछत्र’ म्हणतो, त्यातलंच हे छत्र. तंजावरच्या भोसल्यांनी रामेश्वरच्या वाटेवर अशी कितीतरी छत्रं उभारली, बरीचशी राजघराण्यातल्या स्त्रियांच्या नावाने. नीडामंगलमला यमुनांबाळ छत्र आहे, तसंच हे. काशीहून, पुण्याहून, पंढरपूरहून रामेश्वरला निघालेला माणूस पायी चालायचा. ‘मजल दरमजल करत’ असं आपण आजही म्हणतो. मजल म्हणजे एका दिवसाची चाल. मजल संपेल तिथे छत्र हवं, हा त्यामागचा हिशेब. सैन्यात माझी बरीच वर्षं माणसं आणि रसद हलवण्यात गेली, त्यामुळे हा हिशेब मला लगेच ओळखू आला. ताफा किती जोरात पळतो याला फारसा अर्थ नसतो. पुढचं इंधन आणि पुढचं जेवण कुठे आहे, त्यावर ताफा पोहोचणार की नाही ते ठरतं.

१७९९ मध्ये तंजावरचा राज्यकारभार इंग्रजांकडे गेला. सरफोजींकडे किल्ला, पदवी आणि महसुलातला वाटा उरला. १८०१ मध्ये त्यांनी इंग्रज रेसिडेंटला एक पत्र लिहिलं. राज्य गेलेल्या राजाने जपायला काय मागितलं? ही छत्रं, आणि त्यांना लावून दिलेली गावं. छत्रात काय चालतं, तेही त्या पत्रात सांगितलं आहे. कोणत्याही जातीचा वाटसरू आला तरी त्याला जेवण. आजाऱ्याला वैद्य आणि औषध. अनाथ मुलांना शिक्षण. वाटेत कुणी मेलं, तर त्याच्या रीतीप्रमाणे अंत्यसंस्कार.

यातलं सगळ्यात महत्त्वाचं काय, तर ती लावून दिलेली गावं. इमारत बांधून फीत कापली आणि विसरले, असं झालं नाही. तांदूळ, वैद्य, स्वयंपाकी, डागडुजी यांचा दर वर्षीचा खर्च कुठून यायचा, ते आधी ठरलं होतं. म्हणून तर तंजावर जिल्ह्यात छत्रांच्या मालमत्तेचं प्रशासन आजही जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत आहे.

आता आजच्या काळात येऊ.

माझ्याबरोबर नोकरी केलेले एक सुभेदार साहेब ओरत्तनाडूजवळ राहतात. निवृत्तीनंतर त्यांनी घराच्या गच्चीवर दोन किलोवॅटची सौर पॅनलं बसवली. बिल उतरलं, साहेब खूष. मग १६ नोव्हेंबर २०१८ ची पहाट आली. गजा चक्रीवादळ नागपट्टिनम आणि वेदारण्यमच्या मधे किनाऱ्यावर आदळलं आणि आत घुसलं. ओरत्तनाडु, पट्टुकोट्टै, पेरावूरणी या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्यांच्या नारळबागा आडव्या झाल्या. त्या वादळात विजेचे एक लाखाहून अधिक खांब पडले.

सुभेदार साहेबांचं एक पॅनल फुटलं, बाकी शाबूत राहिली. दोन दिवसांनी लख्ख ऊन पडलं. पण घरात दिवा लागेना. पंप चालेना, त्यामुळे टाकीत पाणी नाही. डोक्यावर ऊन, गच्चीवर पॅनलं आणि घरात अंधार. गल्लीत तासाच्या भाड्याने जनरेटर फिरत होते. लोक पैसे मोजून टाक्या भरून घेत होते. साहेबही त्या रांगेत उभे राहिले. त्यांच्या पत्नीने विचारलं, ‘‘मग हे वर काय शोभेला लावलंय?’’ तिथे वीज यायला अठरा दिवस लागले.

असं का झालं, ते समजून घ्या, कारण तुमच्या गच्चीवरही बहुधा हेच आहे. आपल्याकडची बहुतेक घरगुती सौर यंत्रणा सरकारी तारेला जोडलेली असते. तारेतली वीज गेली, की घरातला इन्व्हर्टर मुद्दाम स्वतःला बंद करतो. तो बिघाड नसतो. तुमच्या छपरावरची वीज उलटी तारेत शिरली, तर खांबावर चढलेला वायरमन जागीच जाईल. गजानंतर बाहेरच्या जिल्ह्यांतली पोरं येऊन ओरत्तनाडूत खांब उभे करत होती. त्यांचा जीव या नियमाने वाचतो. नियम बरोबरच आहे. चूक एवढीच, की पॅनल विकणाऱ्याने हे सांगितलं नव्हतं आणि साहेबांनी विचारलं नव्हतं. सोबत छोटी बॅटरी आणि तारेपासून स्वतःला वेगळं करून चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर असता, तर दोन दिवे, पंखा, फोन आणि छोटा पंप सहज चालला असता.

साहेबांनी पुढे तो बसवला. पॅनलंही तीन किलोवॅटची केली आणि विजेची स्कूटर घेतली. आता हिशेब करू. एक किलोवॅटमागे दिवसाला साधारण चार युनिट, म्हणजे तीन किलोवॅटचे बारा. स्कूटरला तंजावरला जाऊन यायला साधारण दीड युनिट. म्हणजे दिवसभराच्या उन्हाचा आठवा हिस्सा. ऐकायला झकास वाटतं. पण मेख इथे आहे, की भर दुपारी छपरावर वीज तयार होते तेव्हा स्कूटर तंजावरच्या कचेरीबाहेर उभी असते. ती घरी येते रात्री, आणि रात्री तारेतून येणाऱ्या विजेत कोळसा असतो, शेजारच्या नेय्वेलीचा लिग्नाइट असतो. गाडीतून धूर येत नाही, तो दुसऱ्या कुणाच्या गावात निघतो.

म्हणून गाड्या दिवसा जिथे उभ्या राहतात, तिथे वीज पोहोचली पाहिजे. शाळा, कचेऱ्या, कॉलेज, बसस्टँड यांची छपरं हीच आजची छत्रं. ओरत्तनाडूत काय, बारामतीत काय, बेळगावात काय, हिशेब तोच.

दुसरी गोष्ट, बस. पुण्यात २०१९ पासून विजेच्या बस धावताहेत. चेन्नईत जून २०२५ मध्ये व्यासरपाडी आगारातून १२० विजेच्या बस निघाल्या. चांगलंच आहे. पण तालुक्याच्या गावाला विजेची बस येईपर्यंत काय? तमिळनाडूत २०२१ पासून साध्या शहरी बसमध्ये बायकांना तिकीट नाही, महाराष्ट्रात २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे. जुनी डिझेल बस लिटरला साडेचार किलोमीटर जाते असं धरा. आत पन्नास माणसं असतील, तर एका लिटरमध्ये सव्वादोनशे किलोमीटरचा प्रवास झाला. मोटारसायकल एका माणसाला घेऊन पन्नास किलोमीटर जाते. भरलेली म्हातारी बस ही आजही बऱ्यापैकी स्वच्छ गाडी आहे. स्वच्छ वाहतुकीच्या नावाखाली बसच्या फेऱ्या कमी झाल्या आणि घरटी दोन स्कूटर आल्या, तर आपण पुढे गेलो असं मी म्हणणार नाही.

तिसरी गोष्ट, देखभाल. गावोगावी सौर दिव्यांचे खांब उभे आहेत. त्यातले किती लागतात? तुमच्याच रस्त्यावर आज रात्री मोजून पाहा. पॅनल पंचवीस वर्षं टिकतं, साध्या बॅटऱ्या तीन-चार वर्षांत संपतात. दिवा बसवायला अनुदान येतं, बॅटरी बदलायला कुणाकडे पैसे नसतात. सरफोजींनी छत्राला गावं लावून दिली होती. आपण दिव्याला काय लावून दिलं?

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये सूर्यघर योजना आणली. तीन किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. ते जरूर घ्या. पण त्यातलं सगळं अनुदान पॅनल लावून संपलं असं समजू नका. थोडे पैसे बाजूला ठेवा. वर्षातून काही वेळा धूळ पुसावी लागते, वायर तपासावी लागते, पुढेमागे इन्व्हर्टर बदलावा लागतो.

आणि आपल्या सोसायटीत, ग्रामपंचायतीत दोन प्रश्न विचारा. पहिला, तारेतली वीज गेली तर हे चालेल का? निदान पाण्याचा पंप, दवाखान्यातला फ्रिज आणि फोन चार्ज करायची जागा तरी चालली पाहिजे. दुसरा, पाच वर्षांनी याचा खर्च कोण करणार? उत्तर कागदावर लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर आम्ही कधी चौकी बांधली नाही.

मी मागच्या वेळी गेलो, तेव्हा सुभेदार साहेबांच्या ओसरीवर, रस्त्याच्या बाजूला, एक प्लगची पट्टी लावलेली दिसली. मी विचारलं, ही कशाला? म्हणाले, ‘‘साहेब, पुढचं वादळ येणारच आहे. तेव्हा गल्लीतल्या लोकांना फोन लावायला जागा पाहिजे ना. आत कुणाला संकोच वाटतो, म्हणून बाहेर लावली.’’

मुक्तांबेचं छत्र तिथून जवळच आहे.