रोपांचे घर उन्हाळ्यात थंड कसे ठेवावे?



जन्मभर मी मुलांच्या चुका दाखवल्या. आज माझी स्वतःची चूक सांगतो. म्हण आहेच, पुढच्यास ठेच, मागचा शहाणा.

निवृत्त झाल्यावर मी शेतात प्लॅस्टिकचे हरितगृह बांधले. आत संत्र्याच्या कलमांसाठी जंबेरीची तीनशे रोपे लावली. ती विकून नातीची फी भरायची, असा विचार होता. मे महिना आला. नवतपा सुरू झाला. बाहेर गरम वाऱ्याच्या झळा. मी म्हटले, रोपांना झळ लागू नये. म्हणून चारही बाजूंचे पडदे खाली सोडले. दुपारी भरपूर पाणी शिंपडले आणि घरी येऊन निजलो.

संध्याकाळी पाहतो, तर रोपे उकडल्यासारखी झालेली! कामाला येणारी म्हातारी बाई म्हणाली, "गुर्जी, तुम्ही रोपं लावले का भट्टी लावली?"

ती बोलली ते खरेच होते. मूळचे काचघर थंड मुलखातले. तिथे ऊन कमी असते. ते कोंडून रोपांना ऊब द्यायची, हा त्याचा उपयोग. आपल्या नागपूरकडे ऊन काय कमी आहे? नागपूरला २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान होते! ऊन प्लॅस्टिकमधून आत येते. माती तापते, हवा तापते. पण तापलेल्या हवेला बाहेर पडायला वाट नसते. मग आत बाहेरपेक्षाही जास्त तापते. तेव्हा आपल्याकडे उष्णता कोंडायची नाही, बाहेर काढायची. एवढे लक्षात ठेवा.

ती बाहेर कशी काढावी?

पहिली गोष्ट, वारा. गरम हवा वर चढते. म्हणून छपराच्या माथ्याशी झरोका हवा. बाजूचे पडदे गुंडाळून वर घ्यावे. खालून हवा आत येते, वरून गरम हवा निघून जाते. चुलीचा धूर धुराड्यातून जातो, तसेच हे.

दुसरी गोष्ट, सावली. छपरावर हिरवी जाळी टाकावी. पन्नास टक्क्यांची जाळी सुमारे अर्धे ऊन अडवते. पण जाळी बाहेरून, छपराच्या थोडी वर बांधावी. आतून बांधली तर ऊन आधीच घरात शिरलेले असते. जाळी नसेल तर तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा मांडव घालावा. अंगणात आपण मांडव घालतोच ना? मात्र सावली फार दाट नको. उजेड कमी पडला तर रोपे लांबट आणि फिकी होतात.

तिसरी गोष्ट, पाणी. माठातले पाणी गार का होते? माठ पाझरतो, ते पाणी सुकते आणि सुकताना उष्णता घेऊन जाते. घरचा कूलरही असाच चालतो. पण खिडक्या बंद करून कूलर लावला, तर काय होते? खोली दमट होते, जीव घाबरा होतो. माझ्या हरितगृहात तेच झाले. हवा कोंडलेली असली की पाणी सुकत नाही, गारवा येत नाही. उलट दमट हवेत पानांवर रोग पडतो.

म्हणून ज्या बाजूने झळ येते, त्या बाजूला ओली गोणपाटे टांगावी. समोरची बाजू उघडी ठेवावी. वारा ओल्या गोणपाटातून गार होऊन आत येतो आणि समोरून बाहेर जातो. मोठ्या हरितगृहात एका टोकाला ओल्या जाळ्या आणि दुसऱ्या टोकाला पंखे असतात. युक्ती तीच. पण वीज गेली की लगेच पडदे उघडावे, नाहीतर थोड्या वेळात भट्टी होते.

आणखी एक. उन्हात पडलेल्या नळीतले पाणी दुपारी चटका देते. ते रोपांना घालू नये. आधी हातावर घेऊन पाहावे. मुळांना पाणी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी द्यावे.

शेवटी एक काम सांगतो. एक तापमापक आणा. तो आत, रोपांच्या उंचीवर, सावलीत टांगा. रोज दुपारी आकडा वाचा आणि वहीत लिहा. पडदे उघडे होते की बंद, तेही लिहा. आठ दिवसांत तुमची वहीच तुम्हाला शिकवील. तुम्हाला आता अक्षर येते, आकडा येतो. मग अंदाजावर कशाला राहायचे? मला तर दोन्ही येत होते, तरी मी वही ठेवली नाही. त्याची किंमत तीनशे रोपे!

पुढल्या वर्षी मी पडदे उघडे ठेवले, जाळी बांधली आणि गोणपाटे भिजवली. रोपे जगली. नातीची फीही भरली. आता ती म्हातारी बाई रोज विचारते, "गुर्जी, आज किती अंश?" मी म्हणतो, "बाई, तूच वाच." आणि ती वाचते.