सावरणारा कोडच अडकतो तेव्हा

मी मूळचा निपाणीचा, पण गेली बरीच वर्षं बंगळुरात, येलहंका न्यू टाउनमध्ये राहतो. येलहंका म्हणजे १५३७ साली बंगळूर वसवणाऱ्या केंपेगौडांचं गाव. इथं हवाई दलाचा तळ आहे. एअरो इंडियाचे दिवस आले की विमानांच्या आवाजात आमच्या ऑनलाइन मीटिंगा थांबतात. माझं काम मात्र अगदी मुकं. लिनक्समध्ये नेटवर्क कार्डाचे ड्रायव्हर लिहायचे आणि दुरुस्त करायचे.

आज एका चुकीबद्दल सांगणार आहे. चूक माझीच होती.

ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यातला दुभाष्या. आता कार्डही शेवटी यंत्रच. कधी वीज हलते, कधी कार्ड खाचेत नीट बसलेलं नसतं, कधी चिपच बिघडते. अशा वेळी मोठ्या सर्व्हरमध्ये हार्डवेअर त्या कार्डाला वेगळं काढतं, म्हणजे गोठवतं, कारण चुकीची माहिती मेमरीत जाण्यापेक्षा न गेलेली बरी. मग कर्नल ड्रायव्हरला हाक मारतो : चूक झाली आहे, हात काढून घे. ड्रायव्हर तीनपैकी एक उत्तर देतो. मी सावरू शकतो, मला रीसेट हवा, किंवा मी हरलो, मला काढून टाका. रीसेट मागितला तर कार्ड पुन्हा सुरू होतं, ड्रायव्हर त्याची मांडामांड करतो, आणि शेवटी ‘चालू द्या’ अशी हाक येते. लिनक्समध्ये ही पद्धत २००६च्या सुमारास आली.

कागदावर हे फार सुंदर दिसतं. अडचण एवढीच की हा कोड वर्षातून एखादे वेळी चालतो, आणि तोही सगळं बिघडलेलं असताना.

आमच्या एका ग्राहकाकडे दोन सर्व्हरची जोडी होती. एक बंद पडला तर दुसरा काम उचलणार. प्रत्येकात दोन नेटवर्क कार्डं. एका रात्री पहिल्या सर्व्हरचं एक कार्ड गोठलं. सावरण्याचा कोड सुरू झाला आणि तिथंच अडकला. दुसरं कार्ड ठणठणीत होतं, त्यामुळे सर्व्हर ‘मी जिवंत आहे’ असा निरोप जोडीदाराला पाठवत राहिला. जोडीदार निवांत. काम मात्र ठप्प.

दुसऱ्या कार्डावरून आत शिरता आलं, पण नेटवर्कची साधी आज्ञा दिली तरी ती परत येईना. ड्रायव्हर काढता येईना. रीबूट म्हटलं तर तेही अडकलं. अखेर त्यांचा तंत्रज्ञ मध्यरात्री पावसात मोटारसायकल काढून गेला आणि बटण दाबून धरून मशीन बंद केलं.

असं का झालं? लिनक्समध्ये नेटवर्कची रचना बदलण्यासाठी एक सामाईक कुलूप असतं, आरटीएनएल लॉक. ते एका कार्डाचं नसतं, सगळ्यांचं असतं. ते कुणी धरून बसलं की बाकीचे दारात उभे.

सकाळी लॉग पाहिला. १२० सेकंदांपेक्षा जास्त वेळ अडकलेल्या कामांची नोंद कर्नल करतो. तिथं दोन नावं होती. एक, चूक झाल्यावर सावरणारं काम. दुसरं, ड्रायव्हरचंच जुनं रीसेटचं काम. पाठवलेलं पॅकेट बराच वेळ गेलं नाही की ते सुरू होतं. कार्ड गोठल्यावर पॅकेट कुठून जाणार? म्हणजे एकाच रोग्याला वाचवायला दोन वैद्य एकदम धावले.

पहिल्यानं कुलूप घेतलं आणि म्हणाला, दुसऱ्याचं काम थांबलं की मी पुढे जातो. दुसरा त्याच कुलपासाठी थांबलेला. घरातलं उदाहरण घ्या. किल्ली माझ्या खिशात. मी म्हणतो, प्लंबरचं काम उरकल्याशिवाय किल्ली देणार नाही. प्लंबर म्हणतो, किल्ली मिळाल्याशिवाय काम उरकू कसं? दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि दोघंही जन्मभर दारात.

मी एक ओळ वर नेली. आधी दुसऱ्याला थांबवायचं, मग कुलूप घ्यायचं. तपासलं, चाललं. ‘प्रश्न सुटला’ असं ग्राहकाला कळवलं.

अकराव्या दिवशी तोच तंत्रज्ञ पुन्हा मध्यरात्री गेला.

या वेळी अडकण्याची जागा वेगळी होती. ओळ वर नेल्यामुळे दुसरं काम सुरुवातीला थांबत होतं खरं, पण मी कुलूप सोडल्यावर ते नव्यानं सुरू होऊ शकत होतं. सुरू झालं की ते कार्डाची पॅकेट घेण्याची यंत्रणा बंद करायला जायचं. ती तर मी आधीच बंद केलेली. या यंत्रणेचं नाव नॅपी. तिची रीत एसटीतल्या रुमालासारखी आहे. बंद करणारा जागेवर रुमाल टाकतो. दुसऱ्यांदा बंद करायला आलेला रुमाल पाहतो आणि तो उचलला जाण्याची वाट बघत उभा राहतो. रुमाल ड्रायव्हरनंच टाकलेला. उचलणार कोण? आणि हे वाट बघणं कुलूप हातात धरून.

पुढे कळलं की आम्ही एकटे नव्हतो. लिनक्सच्या टीजी३ या जुन्या, जगभर वापरलेल्या ड्रायव्हरमध्ये याच जोडगोळीची दुरुस्ती २०२३च्या सुरुवातीला झाली. मुद्दाम चूक घडवून चाचणी घेताना ती सापडली होती. त्या दुरुस्तीच्या टिपणात साफ लिहिलंय की ओळ आधी नेली तर पहिली अडवणूक जाते, पण दुसरी उघडी पडते. म्हणून तिथं नियम असा केला, की चूक सावरण्याचं काम चालू असेल तर रीसेटच्या कामानं काही न करता परत फिरायचं. वाचून मला बरंही वाटलं आणि लाजही वाटली. मी अर्ध्यावरच थांबलो होतो.

आम्हीही तेच केलं. ‘सावरणं चालू आहे’ अशी एक खूण ठेवली. ती दिसली की दुसऱ्यानं मुकाट परतायचं. शिवाय आणखी एक जागा सापडली. गोठलेल्या कार्डाला काहीही विचारलं तरी उत्तरात सगळे एक येतात, बत्तीसच्या बत्तीस बिट. आमचा कोड ‘अमुक बिट शून्य झालं की पुढे जा’ म्हणत फिरत होता. ते शून्य कधी होणार? आता तिथं फेऱ्यांची मर्यादा आहे, आणि सगळे एक दिसले तर कार्ड गेलं असं मानून बाहेर पडतो.

चाचणीही बदलली. पूर्वी कार्ड मोकळं असताना चूक घडवायचो. आता भरपूर रहदारी चालू असताना, रीसेट चालू असताना, एक चूक सावरली जात असतानाच दुसरी, असं करतो. कर्नलमधला लॉकडेप नावाचा तपासनीस चालू ठेवतो. अडवणूक प्रत्यक्षात झाली नाही तरी कुलपांचा क्रम पाहून ती होऊ शकते, हे तो सांगतो.

पण खरी गोष्ट मला तपासनिसानं शिकवली नाही, त्या तंत्रज्ञानं शिकवली. माफी मागायला फोन केला तेव्हा तो म्हणाला, “सर, मशीन मेलं तर मला त्रास नाही, दुसरं उभं राहतं. हे मरतही नाही आणि जगतही नाही, म्हणून मला जावं लागतं.”

मी तोवर समजत होतो की सावरण्याच्या कोडचं काम म्हणजे काहीही करून कार्ड वाचवणं. तसं नाही. ठरलेल्या वेळात हो किंवा नाही सांगणं, हे त्याचं पहिलं काम. वाचलं तर उत्तमच. नाही वाचलं तर ‘मी हरलो’ म्हणून बाजूला व्हायचं, म्हणजे जोडीदाराला कळतं. आयबीएमच्या पॉवर मशीनवर लिनक्स हेच करतो. तासाभरात एखादं कार्ड पाचपेक्षा जास्त वेळा गोठलं, तर मूळ मर्यादेप्रमाणे ते कायमचं बाहेर काढलं जातं. हा हट्ट सोडण्याचा शहाणपणा कुणीतरी विचार करून लिहिलेला आहे.

तुमच्यापैकी कुणी असा कोड लिहीत असाल, तर प्रत्येक ‘थांब’ या ओळीपाशी दोन प्रश्न विचारा. मी कुणासाठी थांबलोय? आणि तो आलाच नाही तर? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर कुणाला तरी मध्यरात्री पावसात जावं लागणार आहे.

दुसऱ्या दुरुस्तीनंतर मी ‘प्रश्न सुटला’ असं लिहिलं नाही. काय बदललं, काय तपासलं आणि काय तपासलं नाही, एवढंच लिहिलं.