मंडळाच्या हिशेबांचे स्थलांतर
(लातूर येथील वार्षिक सभेत हिशेब समितीच्या वतीने केलेले भाषण)



हिशेबाचा विषय निघाला की सभेतील पुष्कळ मंडळींचे लक्ष मंडपाबाहेर जाते, हे आम्ही जाणतो. तथापि येत्या 1 एप्रिलपासून आपल्या दोन्ही शाखांचे हिशेब एकाच संगणक प्रणालीत लिहिले जावयाचे आहेत. आणि या स्थलांतरात ज्यांचे पैसे व ज्यांची नावे हलणार आहेत, ती मंडळी आपणच आहात. म्हणून थोडा वेळ मागून घेतो.

आजवर नांदेड शाखेचे लेखन एका प्रणालीत होत आले, लातूर शाखेचे दुसरीत. नांदेडला खात्यांची नावे इंग्रजीत, लातूरला मराठीत. नांदेडला विद्यार्थी साहाय्याचे एकच मोठे खाते, तपशील निराळ्या वहीत. लातूरला प्रत्येक विद्यार्थ्याचे खाते स्वतंत्र. काही सभासदांनी सुचविले की, 31 मार्चची अखेरची शिल्लक काढावी, तीच नव्या वहीत आरंभीची शिल्लक म्हणून मांडावी आणि मोकळे व्हावे. सूचना सोयीची आहे. आम्हांस ती मान्य नाही. कारण सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

असे स्थलांतर आपल्या मराठवाड्याने पूर्वी एकदा केलेले आहे. हैदराबाद संस्थानात नांदेड-लातूरचा व्यवहार हाली सिक्क्यात चाले. 1948 च्या सप्टेंबरात संस्थानाचे राज्य संपले, 1950 पासून भारत सरकारचा कळदार रुपया हालीच्या जोडीने चालू लागला, आणि 1959 मध्ये हाली चलनातून बाद झाला. भाव सात हालीस सहा कळदार. म्हणजे जुन्या वहीतील 700 हालीचे येणे नव्या वहीत 600 कळदार होई. त्रैराशिक सोपे आहे. परंतु ज्या खात्यावर नुसते ‘रुपये’ लिहिलेले असेल आणि सिक्का लिहिलेला नसेल, तेथे मधले शंभर रुपये कोणाचे, हे त्रैराशिक सांगू शकत नाही. त्यास देणारा आणि घेणारा समोरासमोर बसावे लागतात. सनाचेही तसेच. आजूर, दै, बहमन अशा महिन्यांचा फसली सन इसवीत आणावयाचा तर कधी 590 मिळवावे, कधी 591. महिना पाहिल्याशिवाय इलाज नाही.

त्यावर 1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी आली. आण्याचे सव्वासहा नवे पैसे. पाव पैशाचे नाणे नाही. म्हणून कोष्टकात एका आण्यास 6, दोन आण्यांस 12, तीन आण्यांस 19 आणि चार आण्यांस 25 असे आकडे ठरले. आता एकेक आण्याच्या सोळा नोंदी सुट्या सुट्या बदलल्या, तर रुपयाचे 96 पैसेच हाती येतात. आधी बेरीज करून मग रूपांतर केले, तर पुरे 100. चार पैशांचा हा फरक कोणी चोरलेला नसतो. तो स्थलांतराच्या रीतीत असतो.

संगणकाने यातील कष्ट कमी केले, यात शंका नाही. 1986 साली श्यामसुंदर गोयंका व त्यांचे पुत्र भारत गोयंका यांनी उभारलेल्या टॅलीने आणि तिच्यासारख्या इतर प्रणालींनी मोंढ्यातील मुनिमांनाही पडद्यासमोर बसविले. पण जुन्या प्रणालीची तेरीज आणि नव्या प्रणालीची तेरीज जुळली म्हणजे हिशेब जुळला, हा समज मात्र खोटा आहे. देगलूरच्या विद्यार्थ्याने फेडलेला हप्ता त्याच नावाच्या उदगीरच्या विद्यार्थ्याच्या खात्यावर पडला, तरी बेरजेत एका पैशाचाही फरक पडत नाही. तेरीज जुळते, आणि ज्याने पहिल्या पगारातून कर्ज फेडले तो कागदोपत्री देणेकरी राहतो. आपल्या समाजात सोयरिकी जुळविताना असल्या गोष्टी कशा कानोकानी जातात, हे आम्ही सांगावयास नको.

नावांची दुसरी अडचण लिपीची. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या अनेक टंकांत संगणक मराठी अक्षर साठवीत नसे. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकृती तेवढी दाखवी. टंक बदलला की नाव जाते आणि निरर्थक इंग्रजी अक्षरांची माळ उरते. आजोबांच्या मोडी खतावण्या घरात असून नातवांस वाचता येत नाहीत. लातूरच्या वीस वर्षांपूर्वीच्या लेखनाची आज तीच गत आहे. तारखांवरही नजर हवी. महिना आधी आणि दिवस नंतर लिहिण्याची अमेरिकन रीत एखाद्या प्रणालीने धरली, तर 5 एप्रिलची पावती निमूटपणे 4 मेची होते. 13 एप्रिल असेल तर ती निदान अडते तरी!

आणखी एक बाब देणगीदारांची. वडिलांच्या स्मरणार्थ ठेवलेली कायम निधीची रक्कम नव्या वहीत चुकून सर्वसाधारण देणग्यांत गेली, तर ती त्या वर्षाचे उत्पन्न म्हणून दिसेल, खर्ची पडेल, आणि जिच्या व्याजातून दरवर्षी पारितोषिक द्यावयाचे ती ठेव ताळेबंदातून नाहीशी होईल. धर्मादाय आयुक्तांकडे जाणारी पत्रकेही मग त्याच चुकीवर उभी राहतील.

म्हणून समितीने असे ठरविले आहे. वीज, छपाई, चहापाणी यांच्या जुन्या नोंदी हलवावयाच्या नाहीत. त्यांची बेरीज पुरे. विद्यार्थी साहाय्य व कायम निधी यांचे प्रत्येक खाते मात्र पहिल्या नोंदीपासून, व्यक्तीचे नाव, वडिलांचे नाव आणि गाव यांसह नव्या प्रणालीत यावयाचे. दोन महिने दोन्ही वह्या समांतर लिहिल्या जातील. खर्च वाढेल, हा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. तो आम्ही पत्करला आहे. नांदेडचा जुना संगणक मोडीत निघणार नाही, आणि सर्व जुन्या खात्यांचे छापील उतारे बांधून दोन्ही कार्यालयांत ठेवले जातील.

ज्यांचे नाव या खात्यांत आहे अशा प्रत्येक कुटुंबास खातेउतारा पाठविण्यात येईल. तो आपल्याजवळच्या पावत्यांशी ताडून पाहावा आणि सही करून, अथवा हरकत लिहून, परत करावा. ज्यांची मुले शिकून आता पुण्यास, हैदराबादेस किंवा परदेशी आहेत, त्यांनी मुलांचे चालू पत्ते आजच द्यावेत. त्यासाठी नोंदवही मंडपाच्या दाराशी ठेवलेली आहे.